तव्यावरचा युरिया

अर्चनाबाई मागच्या बारीतून, घरामागच्या भाजीच्या मळ्यातून, भेंडी तोडून आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. आतून असा काही वास येत होता की डोळ्यांतून पाणीच यावं.

"अवो, हे काय जाळून राह्यले तुमी?"

चुलीपुढे प्रल्हादराव उकिडवे बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला, हातात उलथनं, आणि चुलीवर पोळ्यांच्या तव्यात मूठभर पांढरे दाणे. दाण्यांचं पाणी झालेलं, पाण्याचा धूर होत होता.

"जाळून नाही, तपासून राह्यलो. युरिया आहे सोसायटीतला. असली असला तर तव्यावर काहीच उरत नाही, सगळा उडून जाते. मीठ-गिठ मिसळलं असलं तर मागं राह्यते."

"आणि त्याच तव्यावर मी पोळ्या कशा करू?"

"घासून घे."

"तुमीच घासा. आणि खायच्याबी तुमीच."

धूर ओसरला. तवा कोरडा झाला, त्यावर कणभरही काही उरलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याला समाधान वाटलं असतं. प्रल्हादरावांनी तवा उजेडात धरून तिरका करून पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"इतका साफ कसा काय उडाला?" ते म्हणाले. "कुठंतरी पानी मुरून राह्यलं बरं."

आता अशा माणसाला काय म्हणावं! पण दोष एकट्या त्यांचाही नव्हता. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या माल गोदामात काढली होती. दूरदूरून येणाऱ्या बोऱ्या उतरवून घ्यायच्या, कोणती वाटेत फोडली, कोणती परत शिवली, कोणत्या गव्हात खडे आले, हे पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोरीच्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवलं की ती कारखान्यातली की चोराची, हे ते डोळे मिटून सांगत. गोदाम सुटलं, पण नजर सुटली नाही. भाजीवाली, दूधवाला, जावई, सगळे त्यांना परत शिवलेल्या बोरीसारखेच दिसत.

घराणं मूळचं वर्धेकडचं, कापूसवाल्यांचं. आजोबा रेल्वेसोबत रायपूरला आले आणि तात्यापाऱ्यात राहिले. निवृत्त झाल्यावर प्रल्हादरावांना मातीची ओढ लागली. तात्यापाऱ्यातलं घर मुलीच्या, मीनलच्या हवाली करून त्यांनी अभनपूरच्या रस्त्याला आत असलेल्या परसाडीहमध्ये धानाची शेती घेतली आणि नवराबायको तिथेच येऊन राहिले. शेती अधियावर होती. जमीन आणि खत प्रल्हादरावांचं, नांगर, बैल आणि मेहनत हरिदासची, आणि धान अर्धं अर्धं. हरिदासची स्वतःची लहानशी बांधीही, म्हणजे धानाचं खाचर, अगदी लागून, एका धुऱ्याच्या बांधापलीकडे, जरा खोलगटात होती.

हा हरिदास अंगणात उभा राहून तव्याचा सगळा खेळ ऐकत होता. नमुन्याचा युरिया त्यानेच आणला होता.

"त का होगे, बाबू? बने हे ना?" माल चांगला आहे ना, असं त्याने विचारलं.

"बने तर आहे. पन अगोदर मले हे सांग, पन्नासची बोरी पंचेचाळीसची काहून झाली? आणि दाना पिवळसर काहून?"

"नीम के तेल लगे हे. अब सब्बो जगा अइसनेच आथे."

"तेल लावलं की लपवलं?"

हरिदासने मान खाजवली. त्याच्यासाठी यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. बियासी झाली की युरिया टाकायचा, बाप टाकत होता, तोही टाकत होता. बियासी म्हणजे छत्तीसगढची खास रीत. छिटकून पेरलेलं धान हातभर वाढलं की पाणी भरलेल्या बांधीत, उभ्या पिकातच नांगर घालायचा, मग उखडलेली रोपं विरळ जागी नीट लावायची. पहिल्या वर्षी प्रल्हादरावांनी ते पाहिलं तेव्हा हरिदास पीक बुडवायलाच निघाला आहे असं समजून ते चिखलात धावत गेले होते आणि नांगरापुढे आडवे झाले होते. गावात ती गोष्ट अजून सांगतात.

"अमोनियम सल्फेट घ्या म्हने दुकानवाला," प्रल्हादराव म्हणाले. "पाह्यलं मी ते. साखरच वाटते. ज्याले साखर मिसळायची असंन त्याची तर मजाच आहे. आणि आता ती बाटली निघाली आहे, फवाऱ्याची. एवढ्याशा बाटलीत म्हने बोरीभर खत! उद्या म्हनतीन मोबाईलवरून टाका."

"युरियाच डारबो ना, बाबू. काबर झंझट."

'काबर झंझट', कशाला भानगड, हे शब्द प्रल्हादरावांच्या कानाला टोचले. माणूस एकाच मालासाठी इतका का आग्रह धरतो? सोसायटीत याचं काही साटंलोटं तर नाही? पण मनातली गोष्ट मनात ठेवायची, ही त्यांची गोदामातलीच सवय.

जगात एकाच माणसावर त्यांचा भरवसा होता, तो म्हणजे अर्चनाबाईंचा भाऊ पराग. तो वर्धेकडे कापूस आणि संत्री पिकवायचा. दिवाळीला तिकडे गेले असताना त्याच्या कापसाच्या पानांचा काळाभोर हिरवा रंग प्रल्हादरावांनी डोळे भरून पाहिला होता. "नायट्रेटचं खत आहे, भाऊजी. युरियाची वाट पाहावं लागते, हे टाकलं की लागलंच," असं परागने तेव्हा सांगितलं होतं. ते प्रल्हादरावांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यांनी त्याच दिवशी गावाबाहेरच्या पिंपळाखाली जाऊन, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून फोन लावला.

"पराग, ते नायट्रेटवालं खत पाठवून दे मले. असली पाह्यजे. ओळखीच्या ट्रकवाल्याजवळ दे."

"पाठवतो ना. पन काहून? काय पेरलं यंदा?"

"ते तू इचारू नको. फोनवर सांगायच्या गोष्टी नसतात."

पराग हसला, मेहुण्याचा स्वभाव त्याला माहीत होता. त्याने खत पाठवून दिलं.

बोऱ्या आल्या त्या दिवशी प्रल्हादरावांनी एकेकीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. सगळ्या मशीनच्या, सरळ, एकही टाका इकडेतिकडे नाही. मागच्या खोलीत फळकुटांवर त्यांनी त्या रचल्या, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला टांगली. हरिदासने करड्या गोल दाण्यांची चिमूट हातावर घेऊन पाहिली.

"ए खातू ल हमन कभू नई डारे हन, बाबू." हे खत आम्ही कधी टाकलं नाही, असं तो म्हणाला.

"म्हनूनच तुमचं धान असं आहे," प्रल्हादराव म्हणाले. त्यांना स्वतःच्याच उत्तराचं कौतुक वाटलं.

बियासी आटोपली, रोपं लावून झाली. खत टाकायच्या दिवशी सकाळीच मीनलचा फोन आला, ती तापाने फणफणली होती. अर्चनाबाई मिळेल त्या गाडीने तात्यापाऱ्याला निघून गेल्या. जाताना काहीतरी सांगायला वळल्या, पण गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि प्रल्हादरावांचं सगळं लक्ष बैलगाडीत चढणाऱ्या बोऱ्यांकडे होतं.

धुऱ्यावर छत्री उघडून ते पहाऱ्याला उभे राहिले. हरिदास आणि त्याची बायको अंजनाबाई गुडघाभर चिखलात होती. बांधीत पाणी काठोकाठ भरलेलं.

"पहिली पानी निकाल दंव का?" हरिदासने विचारलं आणि कुदळ घेऊन धुऱ्याच्या तोंडाशी गेला. खत टाकण्याआधी पाणी उतरवायचं, ही त्याची नेहमीची रीत होती.

प्रल्हादरावांनी पाहिलं. पाणी सोडलं तर जाणार कुठे? खालच्या बांधीत. खालची बांधी कोणाची? हरिदासची. झालं, मनात पाल चुकचुकली.

"हात लावू नको त्याले! माह्या खताचं पानी तुह्या शेतात न्याचं आहे का तुले?"

हरिदासने कुदळ खाली ठेवली आणि भरल्या पाण्यातच खत फेकायला सुरुवात केली. त्याची फेक बघण्यासारखी असायची. मूठ कमरेपासून निघायची आणि दाणे सगळीकडे सारखे पडायचे, पाण्यावर सर आल्यागत. प्रल्हादराव फेक पाहत नव्हते, बोऱ्या पाहत होते. शेवटची बोरी उघडायला घेतली तेव्हा त्यांची नजर तिच्या तोंडावर गेली आणि तिथेच खिळली. निम्मी शिवण मशीनची होती. निम्मी हाताची.

दुसरा कोणी असता तर तिथेच ओरडला असता. प्रल्हादरावांनी ती रिकामी बोरी तेवढी घडी करून बगलेत मारली आणि घरी आणून गादीखाली ठेवली. अर्चनाबाईंशी रोज फोनवर बोलणं होई, पण बोरीचं त्यांनी त्यांनाही सांगितलं नाही. फोनवर सांगायच्या गोष्टी नसतात.

मग पावसाने धरलं. सकाळ-संध्याकाळ एकच रंग, आभाळ नुसतं टेकून बसलेलं. प्रल्हादराव रोज धुऱ्यावर जाऊन उभे राहत. पहिले काही दिवस धान जरा उजळल्यासारखं वाटलं, त्यांनी मिशीवर हातही फिरवला. पण नंतर पानांची टोकं फिकी पडायला लागली, मग खालची पानं पिवळी झाली, आणि बघता बघता सगळी बांधी कावीळ झालेल्या माणसासारखी दिसायला लागली. आणि एका धुऱ्यापलीकडे, त्याच पावसात, त्याच मातीत हरिदासची बांधी हिरवीगार डोलत होती. त्याने आपल्या शेतात सोसायटीचा युरिया टाकला होता.

प्रल्हादरावांचा हिशेब जुळला. बोरी फोडली, आतलं खत काढून खालच्या शेतात नेलं, आणि बोरीत खडू की चुना काहीतरी भरून परत शिवली. एक बोरी उघड दिसली, बाकीच्या नीट शिवल्या असतील. किल्ली खिळ्यावर असते हे कोणाला माहीत आहे? हरिदासला. चोर सापडला याचा आनंद असा असतो की पीक गेल्याचं दुःखही त्यात काही काळ बुडून जातं.

हरेलीच्या, शेतीच्या अवजारांच्या सणाच्या, आदल्या दिवशी गावदेव ठाकुरदेवाच्या झाडाखाली गावकरी तयारीचं ठरवायला जमले होते. प्रल्हादराव बगलेत बोरी घेऊन तिथे गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ती हरिदासच्या पायाशी टाकली.

"पाह्य, हे शिवन पाह्य. मी सारी जिंदगी बोऱ्या पाह्यल्या, मले शिकवू नको. माहं खत तुह्या शेतात हिरवं होऊन राह्यलं, आणि माह्या बांधीत तू माती टाकली!"

हरिदासला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मोला चोर कहत हव, बाबू?"

"मी नाही, ही बोरी म्हनून राह्यली."

"ओ धान म आधा त मोरो आय," हरिदास म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "अपनेच धान ल मैं काबर मारिहंव?"

शहाण्या माणसाने उत्तर नसलं की जे करायचं तेच प्रल्हादरावांनी केलं, आणखी मोठ्याने ओरडले. हरिदासने ठाकुरदेवाकडे पाहिलं, गावकऱ्यांकडे पाहिलं, आणि निघून गेला. संध्याकाळच्या आत तो प्रल्हादरावांच्या अंगणात आला. कोपऱ्यात टेकवलेला नांगर त्याने खांद्यावर घेतला.

"नांगर मोर आय," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरेली. घराघरांच्या दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या, तळ्यावर नांगर-कुदळी धुवायची गर्दी, घराघरांतून चिला, म्हणजे तांदळाची धिरडी, भाजल्याचा वास. हरेलीला अंगणात मुरूम पसरून त्यावर धुतलेली अवजारं मांडायची आणि पूजा करायची. प्रल्हादरावांच्या अंगणात मुरूम तेवढा होता. त्यांनी दोनतीन घरी जाऊन निंदणीला, पाणी पाहायला माणूस मिळेल का विचारलं. सगळ्यांनी बसायला खाट दिली, चिला दिला, आणि हरिदासशी तुमचं बोलणं होऊन जाऊ दे, मग बघू, असंच सांगितलं. चोर ठरवून काढलेल्या माणसाचं शेत गावात दुसरा कोणी हाती घेत नाही.

दुपारी अर्चनाबाई परतल्या. मीनलला बरं वाटत होतं. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी रिकामं अंगण पाहिलं.

"हरिदासचा नांगर कुठं आहे?"

प्रल्हादरावांनी सगळं सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं नाही, रंगवलं. शेवटी मोठ्या ऐटीत त्यांनी घडी केलेली बोरी पुढे केली.

"हे पाह्य. मशीनची शिवन इथं संपली, इथून हाताची. आता बोल."

अर्चनाबाईंनी बोरी हातात घेतली. शिवणीवरून बोट फिरवलं. शेवटच्या टाक्याशी असलेली दुहेरी गाठ त्यांनी पाहिली.

"ही शिवन माही आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माहीच. गोधडीची गाठ आहे ही, माह्या मायनं शिकवलेली. तुमी जेवून झोपले होते तवा मी खोली उघडली, बोरीतून भांडंभर खत काढलं बारीतल्या माह्या मक्याले, आन् दाभनानं परत शिवून टाकली."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी तो मका तव्यावर भाजून पाह्यला असता! अन् त्या दिवशी जाता जाता सांगनारच होती, तुमी कुठं मान वर केली?" त्यांचा आवाज एकदम चिरकला. "अवो, त्या भल्या मान्साले तुमी साऱ्या गावात चोर केलं. माह्या शिवनीसाठी!"

त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि त्याला मागच्या बारीत ओढत नेलं. प्रल्हादराव रोज त्या बारीतून ये-जा करत होते, मक्याकडे त्यांची नजरही गेली असेल, पण मका संशयित नव्हता म्हणून त्यांनी तो पाहिला नव्हता. आता पाहिला. पुरुषभर उंच, रुंद पानं, आणि रंग इतका काळाभोर की परागचा कापूसच जणू चालत इथवर आला होता. त्याच बोरीतलं खत. म्हणजे बोरीत खडू नव्हता, चुना नव्हता. खत असलीच होतं. मग धान पिवळं कशाने झालं?

या वेळी प्रल्हादराव पिंपळाखाली गेले नाहीत. तिथेच, मक्याशेजारी उभं राहून त्यांनी परागला फोन लावला.

"धानात?" पराग ओरडला. "पानी भरलेल्या बांधीत टाकलं तुमी ते?"

"हो. भरलेल्याच."

"अहो भाऊजी! ते कोरड्या जमिनीचं खत आहे. माह्या कापसात कुठं पानी उभं राह्यते? उभ्या पान्यात नायट्रेट टिकत नाही, अर्धं जमिनीखाली उतरते, अर्धं हवा होऊन उडून जाते. म्हनूनच धानवाले युरिया टाकतात, नाही तर ते सल्फेट. माह्याजवळ इचारलं असतं तर..." तो थांबला. "मी तर इचारलं होतं काय पेरलं म्हनून. तुमीच म्हनले, फोनवर सांगायच्या गोष्टी नसतात."

प्रल्हादरावांनी फोन खिशात ठेवला. त्यांना तव्यावरचा युरिया आठवला. चांगला होता म्हणून उडाला होता, आणि त्याच्यावर त्यांनी संशय घेतला होता. आणि जे खत खरोखर पाण्यातून उडून गेलं, ते त्यांनी डोळे मिटून टाकलं होतं.

"काय करू आता?" त्यांनी बायकोला विचारलं. असं विचारायची त्यांना सवय नव्हती.

"मले काय इचारता? जिथं टाकली तिथून उचला बोरी."

ठाकुरदेवाच्या झाडाखाली हरेलीची सगळी मंडळी बसली होती. पोट्टे गेडीवर, बांबूच्या उंच काठ्यांवर, चढून चिखलात फिरत होते. हरिदास एका बाजूला होता, अंजनाबाई चिला वाटत होती. प्रल्हादराव आले तसं बोलणं थांबलं. त्यांच्या बगलेत तीच बोरी होती.

"ही शिवन हरिदासची नाही," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "माह्या घरवालीची आहे. बोरीत खत असलीच होतं. ते धानात टाकायचं नव्हतं, मी टाकायले लावलं. पानीही मीच उतरवू देल्लं नाही. हरिदासनं काहीच नाही केलं. चुकी माही आहे."

अंजनाबाईने चिल्याची थाळी खाली ठेवली.

"कालि तो सब्बो झन सुनिन," ती म्हणाली. "आज जे मन नई आए हें, ओमन ल कोन बताही?"

काल सगळ्यांनी ऐकलं, आज जे आले नाहीत त्यांना कोण सांगणार? प्रल्हादरावांनी खाली मान घातली. आज त्यांनी ओरडून पाहिलं नाही.

हरिदास उठला. त्याचं अर्धं धान त्या पिवळ्या बांधीत होतं, अजून वेळ गेली नव्हती. तो घरी जाऊन युरियाची बोरी घेऊन आला, स्वतःच्या शेतासाठी राखून ठेवलेली. ती त्याने प्रल्हादरावांपुढे ठेवली, पण थांबा म्हणून हात वर केला.

"पहिली तवा लानव."

"राहू दे ना, हरिदास. मी काय आता..."

"नई. लानव. सब्बो झन के आगू म देख लेव."

अर्चनाबाई मागोमाग आलेल्याच होत्या. त्या घरी गेल्या आणि तवा घेऊन आल्या. तिथेच तीन दगडांची चूल मांडली गेली. प्रल्हादरावांनी मूठभर दाणे तव्यावर टाकले, आणि सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत असताना ते दाणे विरघळताना पाहत बसले. धुराने डोळ्यांत पाणी आलं. धुराचं किती आणि दुसरं किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तवा कोरडा झाला.

"बने हे?" हरिदासने विचारलं.

"बने हे," प्रल्हादराव म्हणाले.

"त सुनव. नांगर मैं चलाहूं, निंदाई करहूं, लुवाई करहूं. फेर खातू म अब मैं हाथ नई लगावंव. तुंहर खातू, तुंहर हाथ."

नांगर, निंदणी, कापणी सगळं करीन, पण खताला यापुढे माझा हात लागणार नाही. कितीही विनवलं तरी तो त्यापुढे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी हरिदासने धुऱ्याचं तोंड फोडून पाणी उतरवलं. पाणी खालच्या बांधीत, त्याच्याच शेतात जात होतं. प्रल्हादरावांनी तिकडे पाहिलंही नाही. धोतराचा काचा मारून, टोपलीत युरिया घेऊन ते चिखलात उतरले. दोन पावलांवर पाय रुतला, तिसऱ्यावर ते बसले. उठून मूठ फेकली ती भसकन एकाच जागी पडली. पुढची वाऱ्याने अंगावरच आली. हरिदासच्या मुठीत जे होतं ते त्यांनी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं, ते तर बोऱ्या पाहत होते. हरिदास धुऱ्यावर हात पाठीमागे बांधून उभा होता, जिथे प्रल्हादराव छत्री घेऊन उभे राहत. नजर त्यांच्या मुठीवर. संध्याकाळी प्रल्हादरावांना भाकरीचा घासही धरता येईना, बोटं इतकी आखडली होती.

धान सावरलं, पण कसं! जिथे मूठ जड पडली तिथे काळंभोर, जिथे चुकली तिथे पिवळं. सगळ्या बांधीभर हिरव्या-पिवळ्या पट्ट्या उठल्या. परसाडीहचा रस्ता त्या शेताच्या कडेनेच जातो, अभनपूरला जाणारा येणारा गाडी हळू करून बघायचा. त्या दिवशी जे आले नव्हते, त्यांना अंजनाबाईला काही सांगावं लागलं नाही, शेतच सांगत होतं.

"ए काकर हाथ ए, भइया?" कोणी हसत विचारायचं. हे कोणाच्या हातचं?

हरिदास निंदणीत मान खाली घालून राही. धुऱ्यावरून प्रल्हादरावच सांगत, "माहा हात आहे." पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. नंतर नंतर ते कोणी विचारायच्या आधीच सांगायला लागले.

धान पोटरीत यायच्या सुमाराला युरियाचा शेवटचा हप्ता टाकायचा असतो. त्या दिवशी पाऊस उघडला होता, ऊन कोवळं होतं. हरिदासने पाणी उतरवलं आणि धुऱ्यावर जाऊन उभा राहिला. प्रल्हादराव टोपली घेऊन उतरले. मूठ भरली, हात मागे नेला, आणि नेहमीसारखी घट्ट आवळली.

"बाबू," धुऱ्यावरून आवाज आला. हरेलीपासून खताबद्दल त्याने काढलेला तो पहिला शब्द होता. "मुठा ल अतका झन कसव. ढीला छोड़व."

प्रल्हादरावांनी मूठ सैल केली. दाणे बोटांतून सुटले आणि पहिल्यांदाच लांबवर, सारखे पसरत गेले. त्यांनी वळून पाहिलं. हरिदासने मान हलवली. हात मात्र त्याचे पाठीमागेच बांधलेले होते.